उचकी

छाया वहिनी कुरकुरायची थांबली आणि लातूरच्या हालकुडेंच्या घरात सगळ्यांना हायसं वाटलं. उघड कुणी बोललं नाही. घरच्या बाईचं ऑपरेशन झालेलं असताना असं बोलायचं तरी कसं? पण वाटलं खरं.

गेली दोन वर्षं त्या घरात दिवस उजाडायचा तो वहिनीच्या उजव्या खांद्याने. "खांदा लई दुखायलाय गं माय," ही सुरुवात. मग पोट गच्च, घशाशी जळजळ, आणि शेवटी "मरण तरी का येईना मला" हा ठरलेला समारोप. नवरा, म्हणजे राजूदादा, टीव्हीचा आवाज वाढवायचा. मुलगी ऋतुजा लग्न होऊन पुण्याला गेलेली, ती फोनवर विचारायची, "आई, आज काय विशेष? खांदा की पोट?" आणि स्वतःच खिदळायची. राहिली धाकटी नणंद तृप्ती. ती तर भूलतज्ज्ञ. माणसांचं दुखणं थांबवणं हाच तिचा धंदा. गावभरच्या पेशंटांना सुया टोचून ती शांत करायची, आणि घरी आली की म्हणायची, "वहिनी, स्प्रे मार आणि हात वर-खाली कर. या वयात बायकांना होतं असं."

दोन वर्षं वहिनीने हात वर-खाली केला. मग एका सकाळी ती ओट्यापाशी घामाघूम होऊन खालीच बसली, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी गच्च भरलेलं निघालं. पित्ताशयाचं दुखणं खांद्यात जाणवतं हे तृप्तीला कॉलेजात असल्यापासून पाठ होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले होते तिला. पण पुस्तकातला खांदा वेगळा आणि स्वयंपाकघरातला वेगळा. रिपोर्ट बघून ती वरमली. थोडीच.

खरं तर तिने जास्त वरमायला हवं होतं. तृप्ती आठवीत असताना छाया वहिनी सून म्हणून आली आणि वर्षभरात तृप्तीची आई गेली. पुढे मेडिकलच्या हॉस्टेलवर दर आठवड्याला एसटीने डबा जायचा तो वहिनीच्या हातचा. तृप्तीने लग्न केलं नाही, गावातच दोन गल्ल्या सोडून फ्लॅट घेतला, तरी तिच्या फ्रीजमध्ये शेंगदाण्याची चटणी यायची ती वहिनीकडूनच. चटणीबरोबर कुरकुर फुकट, असं तृप्ती मैत्रिणींना सांगायची. मैत्रिणी हसायच्या.

ऑपरेशन तृप्तीच्याच हॉस्पिटलमध्ये झालं. डॉ. नागेश उटगेंनी केलं आणि भूल अर्थात तृप्तीने दिली.

दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं म्हणजे पोटाला तीन-चार बारीक भोकं पाडायची आणि आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं ताणायचं. तेव्हा कुठे आत हत्यारं फिरवायला जागा मिळते. काम झाल्यावर वायू काढून टाकतात, पण थोडा उरतोच, आणि तो वर जाऊन श्वासपटलाखाली बसतो. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. चिडतो तो पडदा, आणि ठणकतो मात्र खांदा. ऑपरेशन पोटाचं आणि बोंब खांद्याची! नातेवाईक डॉक्टरला धरायचे, "टेबलावर हात पिरगाळला काय हो हिचा?"

यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. आईच्या पोटात बाळ घडत असतं तेव्हा हा पडदा मानेपाशी तयार होतो आणि मग हळूहळू खाली सरकत बरगड्यांशी येऊन स्थिरावतो. येताना आपली नस मात्र मानेतूनच ओढून आणतो. तिच्याच मुळांतून खांद्याच्या नसाही निघतात. त्यामुळे पडद्याची तक्रार मेंदूपर्यंत पोचते, पण मेंदू तिच्यावर पत्ता वाचतो खांद्याचा. सासरी नांदणाऱ्या पोरीची पत्रं जन्मभर माहेरच्याच पत्त्यावर येत राहावीत, तसला हा कारभार.

मानेतली ती नस बधिर केली की खांदा गप्प बसतो, हे भूलतज्ज्ञांना जुनंच ठाऊक होतं. पण पडद्याला हलवते तीही तीच नस. ती झोपली की अर्धा पडदा लुळा आणि श्वास अपुरा. खांद्यापायी श्वास कोण गहाण टाकणार? म्हणून त्या नसेच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. 'विसावा' आला आणि ही अडचण सुटली. एका नसेत हजारो तंतू असतात. काही स्नायू हलवणारे, काही दुखणं कळवणारे. विसाव्याचं औषध फक्त दुखणं कळवणाऱ्या तंतूंच्या दारांत जाऊन बसायचं आणि त्याच्यावर विशिष्ट उजेड पडत राहिला की दार बंद धरायचं. तो उजेड द्यायला मानेच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, एक नाण्याएवढी पट्टी चिकटवायची. उजेड डोळ्यांना दिसायचा नाही, पण कातडीतून आत उतरायचा. पट्टी चालू तोवर दार बंद. पट्टी काढली की काही मिनिटांत दार उघडं. गुंगी नाही, मळमळ नाही, श्वासाला धक्का नाही.

बनवणाऱ्यांनी एक नियम मात्र घालून दिला होता. पट्टी तीन दिवस. तेवढ्यात वायू विरून जातो, आणि त्यापुढेही दुखलं तर ते का दुखतंय हे बघायला हवं. मुदत वाढवायची झाली तर पेशंटची मागणी हवी आणि भूलतज्ज्ञाचा अंगठा हवा.

विसावा येऊन दोन वर्षं झाली नव्हती, तोच गावाची भाषा बदलली. वर्गात फार बडबडणाऱ्याला पोरं म्हणायला लागली, "याला पट्टी लावा रे!" हॉस्पिटलमध्ये नर्सला बोलावायच्या घंट्या जवळजवळ थांबल्या. "मॅडम, वॉर्ड कसा दुपारच्या देवळासारखा झालाय," सिस्टर म्हणायच्या. सकाळचा राउंड पूर्वी तासभर चालायचा, तो आता पंधरा मिनिटांत उरकायचा. डॉक्टरांनी विचारायचं, "दुखतंय का?" पेशंटने म्हणायचं, "नाही." डॉक्टर म्हणायचे, "छान!" आणि पुढचा पलंग.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तृप्ती वहिनीची पट्टी काढायला दादाच्या घरी गेली, तेव्हा वहिनी आतल्या खोलीत झोपली होती. दादा दारातच उभा होता.

"काढायला आलीस?" त्याने हळूच विचारलं.

"हो. झाले की तीन दिवस."

"राहू दे की अजून थोडी."

"दादा, असं नसतं ते."

"अगं, बघ तरी जरा घराकडं! तीन दिवसांत एकदा कण्हली नाही. काल माझ्याजवळ बसून चहा प्यायली. हसली! किती दिवसांनी हसताना बघितलं मी तिला, शपथ. आणि पुढच्या रविवारी धोंड्याचं जेवण आहे. जावई पहिल्यांदाच यायलेत. त्यांच्यापुढं 'खांदा दुखायलाय, खांदा दुखायलाय' सुरू झालं म्हणजे? तेवढं होऊ दे. मग काढ."

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, त्यात जावयाला सन्मानाने बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून वाढायचे, अनारशांचं ताट आणि वर तेवता दिवा त्याच्या हाती द्यायचा. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे तर सासरवाडीच्या इभ्रतीचाच प्रश्न. हे तृप्तीला समजत होतं. तरी ती नाही म्हणू शकली असती. दादा काही तिच्या डोक्यावर बसला नव्हता.

पण तिलाही ती शांतता आवडली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा या घराचा जिना चढताना तिने परत निघायची सबब आधीच ठरवली नव्हती. ती हसली आणि म्हणाली, "तू पण ना दादा, बायकोला पट्टी लावून घरात शांतता!"

दोघंही हसले.

तिने फोन काढला. त्यातल्या विसाव्याच्या अ‍ॅपचा आवाज मोठा गोड होता. त्याने विचारलं, "रुग्णाने मुदतवाढ मागितली आहे का?"

बंद दाराआड वहिनीच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

"हो," तृप्ती म्हणाली आणि तिने अंगठा टेकवला. दहा दिवस वाढले.

वहिनी उठल्यावर तृप्तीने तिची उशी सारखी केली आणि सांगितलं, "टाके आतून भरायला वेळ लागतो, वहिनी. पट्टी राहू दे. मी सांगेपर्यंत काढायची नाही हं."

"तू म्हणशील तसं," वहिनी म्हणाली. तिने पट्टीवरून सावकाश बोट फिरवलं. "गुण आहे गं तुझ्या हाताला. दोन वर्षं हा खांदा माझ्या जिवावर उठला होता, कुणाला खरं वाटंना. तूच तेवढं मनावर घेतलंस."

तृप्तीला तिथे बसवेना. हॉस्पिटलमध्ये काम आहे म्हणून ती उठली. काम काहीच नव्हतं.

पुढचे दिवस फार छान गेले. दादा संध्याकाळी दुकानातून लवकर यायला लागला. ऋतुजा आईला फोन करून अर्धा-अर्धा तास बोलायची. तृप्ती रोज चक्कर टाकायची. वहिनी पट्टीला इतकी जपायची की अंघोळीला जाताना तिच्यावर प्लास्टिक गुंडाळून घ्यायची. टाके दाखवायला हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा उटगेंनी विचारलं, "काय वहिनी, दुखतंय का?"

"नाही डॉक्टर."

"छान!" उटगे म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. तृप्ती शेजारीच उभी होती. पट्टीची मुदत वाढवलीय हे उटगेंना सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही, आणि तिनेही तोंड उघडलं नाही.

रविवारी घर पुरणाच्या वासाने भरून गेलं. स्वयंपाकाला बाई लावली होती, तरी धोंडे मात्र वहिनीनेच भरले. निळ्या साडीत ती जरा ओढलेली दिसत होती. ऑपरेशन झालंय, दिसणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. जावई श्रेयस पाटावर बसला. ऋतुजा शेजारी बसली. वहिनी ओवाळायचं ताट घेऊन पुढे झाली आणि तिला उचकी लागली.

"हिक्!"

ताटातला दिवा हलला. ऋतुजा खळखळून हसली. "आई, कोण आठवण काढायलंय गं तुझी?"

"धाराशिवची मावशी असंल," दादा म्हणाला. "बोलावलं नाही ना तिला धोंड्याला!"

"हिक्!"

"मावशी नाही. मुरूडचे मामा?"

"हिक्!"

श्रेयसलाही खेळ आवडला. तो नावं सुचवायला लागला. ज्याचं नाव घेतल्यावर उचकी थांबते तोच आठवण काढत असतो, हे या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेतल्या मैत्रिणी झाल्या, काळे गुरुजी झाले, मेलेली आत्या झाली. वहिनी एकीकडे हसत होती आणि एकीकडे उचक्या देत होती. पाणी पाजून झालं, साखर चारून झाली. ओवाळणं कसंबसं उरकलं.

तृप्तीही हसत होती. वाटीतलं तूप धोंड्यावर सोडता सोडता तिने सहज विचारलं, "कधीपासून लागलीय गं?"

"परवापासून. हिक्! राहते, परत लागते."

"परवापासून? आणि बोलली नाहीस?"

"आता उचकीचं काय मेलं सांगायचं?"

तृप्तीचा हात तिथेच थांबला.

उचकी म्हणजे दुसरं काय? त्या पडद्याचा झटका. पडदा चिडला की लाथा झाडतो, त्याची उचकी होते. विसावा दुखणं कळवणारे तंतू तेवढे बंद करतो, हलवणारे मोकळे ठेवतो; याच गोष्टीचा तर सगळीकडे गवगवा होता. म्हणजे परवापासून पडदा आत आरडाओरडा करतोय, त्याचं तोंड बांधलेलं आहे, म्हणून तो बिचारा पाय आपटतोय. आणि इथे पाटावर बसून सगळे मावशीचं नाव घेतायत.

पण ऑपरेशनचा वायू तर केव्हाच विरला असणार. मग आता पडद्याखाली आहे काय?

"वहिनी, आत चल जरा," ती म्हणाली.

"अगं जेवणं व्हायलीत, जावई—"

"चल म्हणते ना!"

तिने वहिनीला आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. अंगाला हात लावला तर कातडी गरम. खिडकीपाशी नेऊन डोळ्यांची खालची पापणी ओढली. पांढऱ्या भागावर हळदीचं बोट फिरवल्यासारखी पिवळी झाक. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. इथे मशीन नव्हतं, सोनोग्राफी नव्हती. जे सांगू शकलं असतं त्याला तिनेच गप्प बसवून ठेवलं होतं.

"वहिनी, मी पट्टी काढते. दुखेल. दुखलं तर कुठे दुखतंय ते मला सांग. लपवू नकोस."

"तू तर म्हणालीस, काढायची नाही..."

"चुकले मी," म्हणत तृप्तीने पट्टी उचकटली.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. दारात दादा येऊन उभा राहिला, त्याच्यामागे ऋतुजा. "काय चाललंय? ते पानावर ताटकळलेत तिकडं," दादा कुजबुजला. एवढ्यात वहिनीचा चेहरा बदलला. तिने डाव्या हाताने उजवा खांदा धरला. आधी अस्पष्ट कण्हली, मग दात आवळले, आणि मग अशी किंचाळली की बाहेर श्रेयस पाटावरून उठला.

"खांदा गेला गं माय! खांदा! मेले गं!"

"श्वास घेताना जास्त?"

"हो गं! घेववेना श्वास! काय केलंस गं हे?"

"तृप्ती, लाव ती परत!" दादा ओरडला. "बघवेना मला! लाव की गं!"

पट्टी तृप्तीच्या मुठीत होती. नुसती चिकटवली असती तरी दोन-चार मिनिटांत सगळं शांत झालं असतं. जेवणंही झाली असती. तिने मूठ घट्ट मिटली. "गाडी काढ दादा. आत्ताच्या आत्ता. ऋतुजा, उटगे सरांना फोन लाव, म्हणावं पित्त गळतंय." आणि ती वहिनीला टेकू देऊन उठवायला लागली. वहिनी तिच्याच खांद्यावर डोकं टाकून विव्हळत होती. ते विव्हळणं तृप्ती कानाशी ऐकत होती, आणि घरापासून हॉस्पिटलपर्यंत तिने ते ऐकलं.

पित्तनळीच्या एका बारीक फांदीतून पित्त गळत होतं. पोटात पसरलं असतं तर पोट लाकडासारखं कडक झालं असतं आणि कुणालाही कळलं असतं. हे मात्र वरच्या बाजूला, यकृत आणि पडद्याच्या बेचक्यात साठत गेलं, तिथे सडलं आणि त्याचं विष रक्तात उतरलं. रक्तदाब कोसळला होता. उटगेंनी घाईने टेबलावर घेतलं. भूल द्यायला तृप्तीने दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. तिचा स्वतःच्या हातावर भरवसा उरला नव्हता. नळी घालून तांब्याभर घाण काढली, गळतीची जागा बंद केली, आणि वहिनीला अतिदक्षता विभागात हलवलं. वाचेल की नाही हे त्या दिवशी कुणीच सांगेना. दुसऱ्या दिवशीही सांगेना.

ऑपरेशन उरकल्यावर उटगे तोंड धुऊन तृप्तीच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. "मला एक कळेना," ते म्हणाले. "गळती पहिल्या दोन-तीन दिवसांतलीच असणार. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली की खांद्याने ओरडून सांगितलं असतं. तेव्हा नुसती एक नळी टाकून भागलं असतं. वहिनींनी पट्टी वाढवून मागितली होती का?"

"नाही."

"मग?"

"मी वाढवली. यंत्राने विचारलं तर हो म्हणाले. त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. झोपल्या होत्या त्या."

"का पण? एवढ्या वर्षांत तुम्ही कधी..."

"घरात शांतता होती, सर," तृप्ती म्हणाली. हे शब्द स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हॉस्पिटलच्या समितीला मी सांगणारच आहे. पण त्याआधी वहिनीला सांगायला हवं. तिला सांगता यावं एवढंच आता..."

बाहेर बाकावर दादा बसला होता. धोंड्याच्या दिवसाचा सदरा अजून अंगावरच. तिला बघून तो म्हणाला, "मीच म्हणालो ना गं तुला, राहू दे म्हणून. मीच मारायला निघालो होतो तिला."

"तू म्हणालास," तृप्ती त्याच्याशेजारी बसली. "पण तुला नाही म्हणायचं हे माझं काम होतं. अंगठा माझा होता, दादा."

आठवडाभराने वहिनीने डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो जावयाचा. "जेवले का ते?" तृप्तीला हसू आणि रडू एकदम आलं. त्यानंतर दोन दिवसांनी वहिनीला खोलीत हलवलं. तृप्तीने तोवर वाट पाहिली होती. आता वाट पाहायला निमित्त उरलं नाही.

सकाळचं ऊन पलंगावर आलं होतं. वहिनीचा हात सलाइनच्या सुयांनी काळानिळा झाला होता. तिनेच सुरुवात केली. "तू होतीस म्हणून वाचले बघ. उचकीवरून कुणी ओळखतं का? ऋतुजा सगळ्यांना सांगायलीय, आत्या म्हणजे देव आहे."

"वहिनी, थांब. मला बोलू दे." तृप्ती उभीच होती; बसायचा धीर झाला नाही. "पट्टी तिसऱ्या दिवशी काढायची होती. टाक्यांचं वगैरे मी खोटं सांगितलं तुला. दादा म्हणाला कुरकुर बंद झालीय, राहू दे. मलाही ते बरं वाटलं. तू मागितली नव्हतीस, तरी तुझ्या नावाने मी वाढवून घेतली. वेळेवर काढली असती तर हे काहीच झालं नसतं. मी वाचवलं नाही तुला. मी तुझं तोंड बांधलं."

बाहेर जेवणाच्या ट्रॉलीची खडखड दारापर्यंत आली आणि पुढे गेली. तृप्ती शिक्षेची वाट बघत उभी राहिली.

"मला थंडी वाजायची," वहिनी शेवटी म्हणाली. "उचकीच्या आधीपासून. तोंड कडूजहर. अन्नाचा वास नको वाटायचा. तापाच्या गोळ्या होत्या घरात, त्या खायले मी लपून."

"लपून? का?"

"सांगणारच होते. एकदा तोंडापर्यंत आलं. पण तुझे दादा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. ऋतुजा फोन ठेवायची नाही. तू रोज यायलीस, बसायलीस. माझी कुरकुर थांबली आणि सगळी माणसं जवळ आली गं. आता परत सुरू केलं तर उठून जातील, असं वाटलं." ती छताकडे बघत होती. "पट्टी तू लावलीस मानेला. तोंडाला माझी मीच लावून घेतली."

तृप्तीला वाटलं होतं की सांगून टाकलं म्हणजे छातीवरचा दगड थोडा तरी हलेल. तो आणखी जड झाला. दहा दिवसांचा गुन्हा कबूल करायला ती आली होती, आणि वहिनी तिला दोन वर्षांचा दाखवत होती, न ओरडता, न रागावता. तिला हुंदका आवरेना.

"वहिनी, शिव्या दे मला. काहीतरी बोल."

"शिव्या द्यायला अंगात दम लागतो. बरी झाले की देईन. सोडणार नाही तुला, आणि त्यांनाही." हे म्हणता म्हणता वहिनीने डोळे मिटले आणि डावा हात उजव्या खांद्याकडे नेला. आत अजून नळी होती आणि पडद्याची सूज उतरली नव्हती. "आई गं..."

तृप्तीने डोळे पुसले. औषध देऊन नवी पट्टी लावायची सगळी तयारी सिस्टरने ट्रेमध्ये ठेवली होती. तिने पट्टी हातात घेतली, पण पलंगाजवळ गेली नाही. "लावू? तू म्हणशील तर. आणि काढ म्हणशील तेव्हा काढीन."

"लाव की. दुखणं काय हौसेने सोसायचं असतं?" वहिनीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "पण आधी बस. आणि ऐक."

तृप्तीने स्टूल पुढे ओढलं आणि ती बसली. पट्टी तिने ओंजळीत धरून ठेवली.

"कुठून सांगू?"

"पहिल्यापासून सांग."

"मग ऐक," वहिनी म्हणाली. तिने श्वास घेतला आणि सावकाश सुरुवात केली, "खांदा लई दुखायलाय गं माय..."